संगोपनातलं मूल आणि कोरी फाईल

बालकल्याण समितीचा आदेश हातात पडतो आणि फॉस्टर केअरमधलं, म्हणजे जन्मदात्या घराबाहेर दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलेलं मूल घरी येतं. सोबत एक पिशवी असते. दोन जोड कपडे, एखादं खेळणं, असलाच तर शाळेचा दाखला. लसीकरणाचं कार्ड बहुधा नसतंच. जन्मल्याबरोबर बाळ रडलं का, पहिल्या वर्षात आकडी आली होती का, कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं, हे तर कुठंच लिहिलेलं नसतं. घरच्या मुलाची ही फाईल आईच्या नाहीतर आजीच्या डोक्यात असते. डॉक्टरांनी विचारलं की ती धडाधड सांगते. घर सुटलं की फाईल तिथंच राहते. मूल बालगृहातून मामाकडे, मामाकडून पुन्हा बालगृहात असं फिरलेलं असेल, तर प्रत्येक मुक्कामात आणखी चार पानं गळतात. फॉस्टर केअरमधल्या मुलांच्या तब्येतीचे घोळ पाहिले तर आजार अवघड म्हणून झालेले थोडे, आणि या गळलेल्या पानांमुळे झालेले जास्त. ती पानं पुन्हा कशी गोळा करायची आणि तोवर मुलाला कसं सांभाळायचं, एवढ्यावरच हे लिहितो आहोत.

कायद्याच्या बाजूनं एवढं पुरे: बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ नुसार मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही जबाबदारी प्रतिपालक कुटुंबाची, म्हणजे मूल सांभाळणाऱ्या घराची. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून फॉस्टर केअरसाठी दरमहा ४००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये. यात दूध, अंडी, भाजी निघते. खासगी बालरोगतज्ज्ञाची फी आणि रक्ताच्या तपासण्या निघत नाहीत. म्हणून सरकारी दवाखान्याच्या वाटा माहीत असलेल्या बऱ्या.

कधी काय करायचं याचं एक सोपं वेळापत्रक अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं ठरवून दिलेलं आहे: ७२ तासांत प्राथमिक पाहणी, ३० दिवसांत सविस्तर तपासणी, आणि ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान पुन्हा एकदा. दवाखाने आपले, आजार आपले, पण ही चाल आपल्याकडेही चालते. तिसरी भेट सोडू नये. मूल नव्या घरात रुळायला दोन-अडीच महिने लागतात आणि खऱ्या तक्रारी तेव्हाच बाहेर येतात. पहिल्या आठवड्यात ‘काही त्रास नाही’ म्हणणारं मूल तिसऱ्या महिन्यात कान दुखतो म्हणून रडतं. कान आधीपासूनच दुखत असतो.

पहिले ७२ तास

पहिल्या दिवशी मुलाला दवाखान्यात नेऊन सुया टोचायची घाई करू नका. ताप, धाप, सतत उलट्या-जुलाब, वाहती जखम, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, आकडी यांपैकी काही असेल तर मात्र त्याच दिवशी, गरज पडल्यास १०८ ला फोन करून. एरवी या तीन दिवसांत चारच कामं: मूल कुठलं औषध घेत होतं ते शोधणं, त्वचा आणि डोकं पाहणं, अंगावरच्या खुणांची नोंद करणं, आणि वजन-उंची.

औषधाचं काम सगळ्यात तातडीचं, आणि चुकतं तेही हेच. फिट्सची गोळी, क्षयाची औषधं, एचआयव्हीवरची एआरटी औषधं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी हायड्रॉक्सीयुरिया, दम्याचा पंप, इन्सुलिन यांतलं काहीही एक दिवससुद्धा आपल्या मनानं थांबवायचं नाही. फिट्सचं औषध अचानक बंद झालं तर थांबायचं नाव न घेणारी आकडी येऊ शकते. मूल ताब्यात घेतानाच मागून घ्या: औषधाची पट्टी किंवा बाटली जशीच्या तशी (पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या नकोत), शेवटची चिठ्ठी, निदान १५ दिवसांचा साठा आणि आजचा डोस किती वाजता दिला ते. हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहतो. मग त्या दिवशी डोस दोनदा तरी जातो किंवा एकदाही जात नाही. एआरटी चालू असेल तर जुन्या केंद्रातून ट्रान्सफर-आऊटची कागदपत्रं घेऊन नव्या केंद्रात नोंद करावी लागते. ते होईपर्यंत जुन्या केंद्रातून महिन्याची औषधं आगाऊ मागा.

दुसरी चूक पातळ औषधांची. पॅरासिटामॉलचं सिरप बाजारात ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचंही मिळतं, आणि थेंबांच्या बाटलीत दर मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम: पहिल्या बाटलीतून ६ मिली, दुसरीतून ३ मिली, थेंबांतून दीड मिली. बालगृहातून ‘ताप आला की ६ मिली द्या’ एवढाच निरोप आला आणि घरात थेंबांची बाटली असली, तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून निरोप नेहमी मिलिग्रॅममध्ये घ्यायचा आणि बाटलीवरचं लेबल वाचायचं. दोन डोसांमध्ये किमान ४ ते ६ तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत.

मुलाच्या वयाचीही खात्री नसते. कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांवरून वय अंदाजानंच निघतं. त्यामुळे कागदावरचं वय काही असो, औषध वजनावरूनच.

बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत बारीक पुरळ आणि रात्री जास्त खाज म्हणजे खरूज धरून चाला. त्यावर ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मिळतं. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा, रात्री लावायचं आणि ८ ते १४ तासांनी धुवायचं. एका आठवड्यानं पुन्हा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मलम लावूनही खरूज जात नाही अशी तक्रार सतत येते. कारण बहुतेकदा एकच: औषध फक्त मुलाला लावलं. खाज नसली तरी घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री लावायचं. मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचे. धुता न येणारी गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस तोंड बांधून ठेवायची. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते. म्हणून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मलम चोपडत बसू नये.

उवांसाठी १ टक्का परमेथ्रिनचं लोशन धुतलेल्या ओलसर केसांना १० मिनिटं, मग धुऊन बारीक फणी, आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा, कारण लिखांवर औषधाचा भरवसा नाही. उवा आहेत म्हणून मुलीचे केस कापू नका. तिच्या घरून तिच्याबरोबर एवढंच आलेलं असतं. कापायचेच असतील तर तिला विचारून, तिला पाहिजे तेव्हा.

अंगावर वळ, चटके, जुने व्रण दिसले तर जागा, आकार आणि रंग तारखेसह लिहून ठेवा आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना कळवा. ‘हे कुणी केलं’ म्हणून खोदून विचारू नका. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की मूल बोलणं बंद करतं, किंवा समोरच्याला हवं ते बोलतं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, मनात ठेवण्याची मुभा नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनंच करायची आणि मुलाच्या विश्वासातलं माणूस तिथं हजर असायला हवं. घटना ताजी असेल तर पहिले ७२ तास फार मोलाचे, कारण एचआयव्ही रोखणारी औषधं त्या मुदतीतच सुरू करावी लागतात. अंघोळ घालण्याआधी दवाखाना. कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे.

गळलेली पानं कुठं सापडतात

या कामाला कंटाळा नको. डॉक्टरांच्या एका भेटीपेक्षा दोन फोन कधीकधी जास्त देऊन जातात.

जन्म दवाखान्यात झाला असेल तर तिथल्या प्रसूतीच्या नोंदवहीत जन्मवजन आणि प्रसूतीचा प्रकार असतो. आईचं नाव आणि अंदाजे महिना पुरतो. मूळ गावच्या आशाताईंकडे लसीकरणाची यादी असते, उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे नोंदवही असते. माता व बाल संरक्षण कार्ड घरी हरवलं असलं तरी त्यातला मजकूर त्या वहीत सापडू शकतो. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर या ॲपवर महिन्याचं वजन आणि उंची असते. त्यातून मूल कधीपासून खालावलं हे दिसतं, आणि तो महिना बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या घटनेशी जुळतो. अलीकडच्या लसींची नोंद यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर सापडू शकते. त्यासाठी आईचा त्या वेळचा मोबाईल नंबर लागतो. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीचं कार्ड असतं.

बीड, अहिल्यानगर, जालना भागातल्या ऊसतोड कुटुंबातलं मूल असेल तर नोंदी दोन ठिकाणी विखुरलेल्या असतात: दिवाळीपर्यंत गावात, पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर, कधी कर्नाटकात. वीटभट्टीवरच्या मुलांचंही तेच. गावातल्या यादीत ‘स्थलांतरित’ असा शेरा दिसला म्हणून लस मिळालीच नाही असं नाही; कारखाना कुठला हे कळलं तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

आणि जन्मदात्या आईवडिलांना विचारा. बालकल्याण समितीनं भेटीला परवानगी दिलेली असेल तर त्या भेटीतली पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. सूर चौकशीचा नको. ‘तुम्हीच त्याला सगळ्यात जास्त ओळखता, आम्हाला मदत हवी’ असं म्हटलं की आई बोलते. विचारायचं ते असं: बाळंतपण कुठं, दिवस भरले होते का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ झाली होती का, आकडी कधी आली, तापात की तापाशिवाय, दवाखान्यात कधी ठेवलं, रक्त चढवलं का, कुठल्या औषधानं किंवा खाण्यानं पुरळ आलं का, घरात कुणाला टीबी, सिकल, साखर, फिट्स, मनाचा आजार होता का, आधीचं एखादं भावंड लहानपणीच गेलं का आणि कशानं. उत्तराच्या शेजारी कुणी सांगितलं आणि कधी, ते लिहा. आईनं सांगितलेलं आणि शेजारणीनं सांगितलेलं एकाच वजनाचं नसतं.

लसी: कार्ड नसेल तर लस नाही असंच धरायचं

‘सगळ्या दिल्यात हो’ याला पुरावा म्हणत नाहीत. लेखी नोंद नसेल तर डोस झाला नाही असं धरून वयानुसार पुढं सुरू करायचं. एखादा डोस दोनदा गेला तर सहसा दंड दुखण्यापलीकडे काही होत नाही; राहून गेला तर गोवर होतो. डाव्या दंडावर क्षयाविरुद्धच्या बीसीजी लसीचा व्रण नसेल तरी बीसीजी दिली नाही असं छातीठोक म्हणता येत नाही, काही मुलांना व्रण उठतच नाही. तसंही सरकारी कार्यक्रमात बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात.

एक वर्ष उलटलेल्या आणि एकही लस न घेतलेल्या मुलाला पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांवरची एकत्रित लस सुरू करत नाहीत. त्याला त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचे तीन डोस महिन्या-महिन्यानं आणि शेवटच्या डोसनंतर किमान सहा महिन्यांनी बूस्टर. ही लस सात वर्षांपर्यंतच. पोलिओचे थेंब आणि गोवर-रुबेलाचे दोन डोस (मध्ये किमान चार आठवडे) पाच वर्षांपर्यंत. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्राच्या लसीकरण सत्रात फुकट. कावीळ ब ची लस सरकारी कार्यक्रमात बाळांनाच मिळते, मोठ्या मुलाला बाहेर विकत घ्यावी लागते: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी.

एक बारीक गोष्ट: गोवराची लस दिल्यावर काही आठवडे क्षयाची त्वचेतली चाचणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते. म्हणून दोन्ही एकाच दिवशी करायचं, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबायचं. लस एका ठिकाणी आणि चाचणी दुसऱ्या ठिकाणी असेल तर हे कुणाच्या लक्षात येत नाही; तुम्हीच सांगायचं.

३० दिवसांतली मोठी तपासणी

यासाठी ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. मुलाला खाऊ, पाणी आणि त्याची आवडती वस्तू सोबत असू द्या.

पहिल्यांदा रक्तातलं हिमोग्लोबिन. पाच वर्षांखाली ११ पेक्षा कमी, ५ ते ११ वर्षांत ११.५ पेक्षा कमी, १२ ते १४ मध्ये १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. लोहाचा उपचाराचा डोस दररोज किलोमागे ३ मिलिग्रॅम मूळ लोह इतका असतो. बाटलीवर क्षाराचं वजन वेगळं आणि मूळ लोह वेगळं लिहिलेलं असतं, हिशेब मूळ लोहावर. औषध लिंबू-आवळ्याबरोबर द्यायचं, चहा-दुधाबरोबर नाही. शी काळी होते, घाबरायचं कारण नाही. बाटली मात्र कडीकुलपात. गोड लागते म्हणून लहान मूल ती संपवतं आणि जास्तीचं लोह जिवावर बेततं. रक्तक्षय नसेल तरी ५ ते ९ वर्षांच्या मुलाला आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि १० ते १९ वर्षांच्यांना निळी. शाळेत मिळते. नव्या शाळेत नाव लागेपर्यंत ती चुकते, अंगणवाडीत मागा. जंताची गोळी अल्बेंडाझोल: १ ते २ वर्षांत अर्धी (२०० मिलिग्रॅम), पुढं पूर्ण ४०० मिलिग्रॅम, चावून.

मूल गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, पालघर किंवा मेळघाट भागातलं असेल, किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला सिकल असेल, तर लोहाचं औषध सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी मागा. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात, किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर सोल्युबिलिटी चाचणी फसवते. ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार, निघालं तर घरात चार गोष्टी बदलतात: पाणी भरपूर, थंडी-वाऱ्यात उघडं अंग नाही, ३८.५ अंश सेल्सिअसवर ताप गेला की त्याच दिवशी रुग्णालय, आणि हातापायांच्या दुखण्याला ‘नाटक’ म्हणायचं नाही. शाळेलाही हे चौथं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

क्षय. पुष्कळ मुलं संगोपनात येतात ती आई किंवा वडील क्षयानं गेल्यामुळे, आणि ‘त्यांना काय झालं होतं’ हे कुणी मुलासंदर्भात विचारतच नाही. दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप, वजन घटणं किंवा तीन महिने न वाढणं, आणि गेल्या दोन वर्षांत घरात क्षयरुग्ण, यांतलं काही असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकी. लहान मूल थुंकी काढू शकत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीनं पोटातलं पाणी घेऊन सीबीनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवतात. त्यासाठी आदल्या रात्री जेवणानंतर मुलाला काही देऊ नका, नाहीतर फेरी फुकट. त्वचेतली चाचणी ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यावी लागते. १० मिलिमीटर किंवा जास्त कडक फुगवटा म्हणजे होकार; नुसता लालपणा मोजायचा नाही. अतिकुपोषित मुलात ही चाचणी ‘नाही’ आली तरी क्षय असू शकतो. आजार नाही पण संपर्क होता, तर प्रतिबंधक औषधं मिळतात. उपचार सुरू झाले तर निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये, त्यासाठी बँक खातं लागतं.

एचआयव्हीची चाचणी कारण असेल तेव्हाच: आई किंवा वडील बाधित, कारण न कळलेला मृत्यू, वारंवार मोठी आजारपणं, अत्याचार. ती आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही चाचणी केंद्रात, समुपदेशन आणि लेखी संमतीनं. दीड वर्षाखालच्या बाळात साध्या चाचणीत आईची प्रतिपिंडं दिसतात, तिथं विषाणू थेट शोधणारी डीएनए पीसीआर चाचणी. निकाल प्रतिपालक आणि डॉक्टर यांच्यापुरता. शाळा, शेजारी, भिशीतल्या मैत्रिणी यांना सांगण्याचं काही कारण नाही, आणि एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ संमतीशिवाय सांगण्याला मनाई करतो. फाईलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवणं हेही सांगणंच झालं.

डोळे, दात, कान एकाच फेरीत होतात. वर्गात मागं पडलेल्या मुलाचे डोळे आणि कान तपासल्याशिवाय त्याला ‘बुद्धीनं कमी’ ठरवू नका. कान वाहत असेल तर तेल टाकायचं नाही. बोलायला उशीर असेल तर आधी श्रवणचाचणी, मग बाकीचं. विकासात मागं असलेल्या मुलासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. फिजिओथेरपी, वाचा आणि दृष्टी तिथं एका छताखाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदाच येतं. मुलानं दोन पथकांच्या मधल्या काळात शाळा बदलली असेल तर त्याचं पूर्ण वर्ष जातं. तुम्ही स्वतः मुलाला घेऊन गेलात तरी ते तपासतात.

खाणं आणि उशीखाली लपवलेली चपाती

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पावलांवर दाबलं तर खड्डा पडणारी सूज, म्हणजे अतितीव्र कुपोषण. असं मूल घरी खिचडी घालून सुधारू नका. ताप-जुलाब नसतील आणि भूक चांगली असेल तर गावातल्या अंगणवाडीत चालणारं ग्राम बाल विकास केंद्र. भूक नसेल, सूज असेल किंवा आजारी असेल तर जिल्हा रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र. उपाशी राहिलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी भरपूर तूप-साखर दिली तर रक्तातले क्षार ढासळतात आणि मूल बघता बघता दगावू शकतं. प्रेमानं केलेली ही चूक आहे आणि ती वारंवार होते.

कुपोषण नसलेल्या मुलांतही खाण्याचा घोळ असतो. घाईघाईनं, चावल्याशिवाय, उलटी होईपर्यंत खाणं. बिस्किटं खिशात, चपाती उशीखाली. ही चोरी नाही. पुढचं जेवण येईल याची खात्री नसलेल्या जिवाची तजवीज आहे. फडताळाला कुलूप लावलं की ती वाढते. त्यापेक्षा मुलाच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, त्यात चिक्की, फुटाणे, केळं, आणि तो रिकामा झाला की न बोलता भरा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे-फुटाणे नकोत, घशात अडकतात; त्याच्या डब्यात लाडू. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, आणि पुढचं कधी ते आधीच सांगितलेलं. साधारण काही आठवड्यांत उशीखालचं कमी होतं. भेटीच्या किंवा सुनावणीच्या दिवसांत ते परत येतं. तेव्हा डबा भरलेला असू द्या, एवढंच.

वागणं हीसुद्धा नोंद आहे

‘हट्टी’, ‘खोटारडा’, ‘लक्षच नाही’ असे शेरे जुन्या फाईलमध्ये सापडतात. त्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. त्याऐवजी तारीख, वेळ, आधी काय झालं, मुलानं काय केलं, किती वेळ, शांत कशानं झालं, एवढं लिहा. दोन आठवड्यांच्या अशा नोंदीतून पुष्कळदा उत्तर दिसतं: चिडचिड नेमकी संध्याकाळी सात नंतर, कारण त्या वेळी घरी दारू पिऊन कुणी यायचं. अस्वस्थता, दचकणं, वर्गात लक्ष न लागणं, हे अतिचंचलतेच्या आजारातही दिसतं आणि घाबरलेल्या मुलातही दिसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत निदानाचा शिक्का मारून औषध सुरू करण्याची घाई आम्हाला पटत नाही. झोप, पोट, कान, डोळे, रक्त हे सगळं आधी. मग जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कक्ष. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मनाचं कुठलंही औषध मानसोपचारतज्ज्ञाशिवाय सुरू करायचं नाही, आणि आधीपासून चालू असेल तर ते तडकाफडकी तोडायचंही नाही. जीव द्यायची भाषा, स्वतःला कापणं, दोन दिवस काहीच न खाणं, इथं मात्र वाट पाहायची नाही.

अंथरूण ओलं होणं पाच वर्षांपर्यंत धरायचंच नाही. त्यापुढं आधी बद्धकोष्ठ आहे का ते पाहा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि तेच कारण निघतं. मग लघवीची तपासणी. आधी कोरडं राहणारं मूल पुन्हा ओलं करू लागलं आणि सोबत तहान वाढली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. बाकी मेणकापड, रात्री दिवा, संडासापर्यंत उजेड. शिक्षा नाही, सगळ्यांसमोर चादर वाळत घालणं नाही.

पाळी सुरू झालेल्या किंवा होणाऱ्या मुलीला पॅड कुठं ठेवलेत हे मागायची वेळ येण्याआधीच दाखवून ठेवा. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं, तिथं मूल एकटं बोलू शकतं.

सही कुणाची

रुग्णालयाच्या खिडकीवर पहिला प्रश्न: पालक कोण? समितीच्या आदेशाच्या पाच साक्षांकित प्रती आणि मोबाईलमध्ये फोटो कायम जवळ हवा. आदेश निघतानाच समितीला विनंती करा की नेहमीचे उपचार, लसीकरण आणि तपासण्यांना संमती देण्याचा अधिकार प्रतिपालकांना आहे हे वाक्य त्यात असावं. ते नसलं की प्रत्येक एक्स-रेला फोनाफोनी. भूल देऊन करायच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळी लेखी परवानगी मागून ठेवा, तारीख मिळाल्याच्या दिवशीच. समितीची बैठक रोज नसते आणि शस्त्रक्रियेची गेलेली तारीख पुन्हा लवकर मिळत नाही. जिवावरचा प्रसंग असेल तर डॉक्टर कागदासाठी थांबत नाहीत. तुम्ही फक्त बाल संरक्षण अधिकाऱ्यांना लगेच कळवा आणि वेळ लिहून ठेवा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण ते ठरलेल्या आजारांसाठी, भरती झाल्यावर; बाह्यरुग्ण तपासणीला नाही. मुलाचं नाव प्रतिपालकांच्या शिधापत्रिकेवर नसतं आणि तिथं अडतं. मूल ठणठणीत असतानाच योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठून, समितीचा आदेश आणि बाल संरक्षण कक्षाचं पत्र दाखवून कुठली कागदपत्रं चालतील ते विचारून घ्या. आधारचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावं लागतं. ते राहिलं असेल तर ऐनवेळी ठसा जुळत नाही. अपंगत्व असेल तर यूडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र. प्रमाणपत्र देणारं मंडळ ठरलेल्या वारीच बसतं, वार आधी विचारून जा.

मूल पुढं जाताना

संगोपन कधीतरी संपतं. मूल आईकडे परततं, दत्तक जातं, दुसऱ्या घरी जातं किंवा अठरा पूर्ण करतं. फाईलच्या तीन प्रती: एक मुलासोबत, एक बाल संरक्षण कक्षात, एक तुमच्याकडे, तीही समितीच्या परवानगीनं. पहिल्या पानावर फक्त एवढं: रक्तगट, वजन आणि ते कधी घेतलं, ॲलर्जी, चालू औषधं मिलिग्रॅममध्ये, पुढची लस आणि पुढची तारीख, डॉक्टरांचं नाव. नाजूक निकाल बंद पाकिटात, डॉक्टरांच्या नावे. सोबत महिन्याची औषधं, मूळ पट्ट्यांसह. आजचा डोस किती वाजता दिला ते कागदावर लिहून पट्टीलाच रबर लावून अडकवा.

परत जाणाऱ्या मुलाच्या आईला फाईल नुसती हातात देऊ नका. वाचता येत नसेल तर एकेक औषध दाखवून, ‘हे सकाळी, हे रात्री’ असं तिच्याकडूनच परत म्हणवून घ्या, आणि तिच्या गावच्या आशाताईंना तिच्यासमोरच फोन लावा. अठरा पूर्ण केलेल्यांना अनुरक्षणाची मदत २१ वर्षांपर्यंत मिळू शकते, पण बालरोग विभाग मात्र आधीच दार लावतो. इन्सुलिन, एआरटी, फिट्स, सिकल यांतलं काही असेल तर सतराव्या वर्षीच मोठ्यांच्या ओपीडीत एकदा सोबत जाऊन या. दुसऱ्या फेरीला त्याला पुढं घालून तुम्ही मागं बसा, आणि तिसऱ्या फेरीला केसपेपर त्यालाच काढू द्या.